मागं घेतलेलं बयान

रुमानानं फोन आईपुढं धरला. "ऐक ना अम्मी, यूनुसमामूंबद्दल बोलतायत."

हाजरा मुकादम शाळेतून येऊन नुकतीच टेकली होती. खोपोलीच्या एका हायस्कुलात ती मराठी शिकवायची. नवरा बोटीवर, वर्षातले आठ महिने बाहेर. शिळफाट्याच्या घरात मायलेकी दोघीच. खालच्या बाजाराचा गलका वर येत होता, म्हणून रुमानानं आवाज वाढवला.

फोनमधला माणूस शांत, समजावणीच्या सुरात बोलत होता. कळंबसारख्या लहान गावातून चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वी एक तरुण उठला, दीनसाठी, म्हणजे धर्मासाठी, हत्यार घेतलं आणि परक्या डोंगरात शहीद झाला. आज आपण त्याचं नाव घ्यायलाही भितो. मग त्या माणसानं तिकडच्या एका नव्या हत्यारबंद जमातीचं नाव घेतलं, तिच्या अमीरचं, म्हणजे म्होरक्याचं, कौतुक केलं आणि शेवटी विचारलं, "आपल्यातला पुढचा यूनुस कोण?"

आवाज हाजरानं लगेच ओळखला. तो नदीम होता. कळंबचाच, अठ्ठावीस वर्षांचा, इथल्या एका कारखान्यात इंजिनिअर. मुलगा वाईट नव्हता. पुरात लोकांना बाहेर काढायला कमरेएवढ्या पाण्यात उतरलेला तिनं त्याला पाहिलं होतं. दर रविवारी त्याच्या खोलीवर सात-आठ तरुण जमत, आणि त्यांच्यापुढं केलेलं बोलणं फोनवरून इतरांपर्यंत पोचे.

"मामू शहीदच होते ना?" रुमानानं विचारलं. एकोणीस वर्षांची पोर, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. "नानी तर तेच सांगते. मग तू कधी त्यांचं नाव का काढत नाहीस?"

हाजरानं ते रेकॉर्डिंग आपल्या फोनवर मागून घेतलं. यूनुस तिचा भाऊ, तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. बाविसाव्या वर्षी एसीचं काम करायला म्हणून दुबईला गेला आणि तिथून अफगाणिस्तानात. तेव्हा तिकडं तिथल्याच गटांची आपसात लढाई चालली होती. वर्षा-दीड वर्षानं फोन आला, "मुबारक हो, तुमचा मुलगा शहीद झाला." ना मयत आली, ना कबर कुठं ते कळलं.

एवढं सगळ्या गावाला ठाऊक होतं. यूनुसकडं एक कॅसेट होती, हे मात्र फार थोड्यांना माहीत होतं. कळंबच्या मशिदीचे मौलाना बदरुद्दीन यांचं बयान, म्हणजे जुम्माच्या, शुक्रवारच्या, नमाजेआधीचं प्रवचन. तिकडं लढताहेत ती हकची, सत्याची फौज आहे, ज्याला जाता येईल त्यानं जावं, असं त्यात ते कडाडले होते. हाजरा तेव्हा सतरा वर्षांची. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून ते बयान तिचंही पाठ झालं होतं. मरणाची बातमी आली तेव्हा मौलाना एकदा दारात आले, रडले आणि गेले. त्यानंतर ते समोरून दिसले की हाजरा रस्ता बदलायची.

आज नदीमच्या तोंडून तिनं तीच वाक्यं ऐकली होती, जवळजवळ तशीच्या तशी.

दुसऱ्या दिवशी शनिवारची शाळा सुटल्यावर ती घरी न जाता कर्जतला आली आणि तिथून कळंबच्या एसटीत बसली.

मौलाना खळ्यावर होते. सत्तरी गाठलेला माणूस, लुंगी वर खोचून भाताच्या पेंढ्या फळीवर आपटत होता. अर्ध्या एकराचं भात ते अजून स्वतःच झोडायचे. मशिदीचं काम म्हणजे काही पोट भरायचा धंदा नव्हे, असं त्यांचं म्हणणं. हाजराला बघून त्यांचा हात थांबला.

हाजरानं सलाम केला नाही. "तुमचं बयान परत आलंय मौलाना," असं म्हणून तिनं फोन चालू केला.

पेंढी हातात तशीच धरून त्यांनी सगळं ऐकलं. संपल्यावर खाली बसले.

"सबूद माजेच हायत," ते म्हणाले. "कुनीतरी ती कॅसेट जपून ठेवली असंल. नदीमला अलिफ-बे मीच शिकवलं, आनि हेबी मीच शिकवलं म्हनायचं."

"एवढंच?"

"नाय. मी चुकलो व्हतो, हाजरा. ते मला आज नाय कळलं. धा-बारा वर्सं झाली कळून."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "धा-बारा वर्षं? मग एकदा तरी तोंड उघडलंत? लोक तुमच्या मागं नमाज पढतात!"

"शरम वाटली, ते एक." त्यांनी खाली नजर वळवली. "आनि दुसरं म्हंजे तुजी अम्मा. तिच्याकडं काय उरलंय? पोर शहीद हाय, एवढंच ना? ते मी कुठल्या तोंडानं काढून घेऊ?"

 हाजरानंही अम्मापुढं कधी तोंड उघडलं नव्हतं, आणि तेही नेमकं याच कारणासाठी.

हातातली पेंढी बाजूला ठेवून मौलाना उठले. "आज तू हितंच ऱ्हा," ते म्हणाले. "उद्या सकाळी मी तुज्या अम्माकडं येतो. आधी तिला विचारीन. मग जुम्माला गावाला सांगीन."

सकाळी अम्मा पडवीत वाल निवडत बसली होती. तिचं नाव खैरुन्निसा, वय शहात्तर. अख्खं गाव तिला खैरुनआपा म्हणे. शेजारची भागूबाई तिच्यासोबत सुपात हात घालून बसली होती. मौलाना अंगणात आलेले दिसले तशी भागूबाई उठायला लागली.

"बसा भागूबाई," मौलाना म्हणाले. "तुमीबी त्याला कडेवर घेतलेलं हाय. तुमच्यासमोर बोलायला काय हरकत नाय."

ते पायरीवर बसले आणि आडपडदा न ठेवता बोलले. त्या लढाईला मी हकची लढाई म्हटलं, ते चूक होतं. हत्यार कुणी उचलायचं, कुणाच्या हुकमानं, कुणाविरुद्ध, याला मर्यादा आहेत. त्या मी तरण्या पोरांना सांगितल्या नाहीत. यूनुस त्या बयानानं गेला.

अम्माचे हात वालांवर चालतच होते. हाजराला वाटलं, तिनं ऐकलंच नाही. मग अम्मा म्हणाली, "त्याच्या हातनं कोन मेलं का रं, बदरू?"

गावात मौलानांना नावानं हाक मारणारी ती एकटीच उरली होती.

"म्हाईत नाय आपा. पन समोर व्हते तेबी कलमा पढनारे मुसलमानच व्हते."

"मला दुबईला जातो म्हनाला. मी दुवा दिली." अम्माचा आवाज फुटला नाही, फक्त बारीक झाला. "लढाईला जातो म्हनाला असता तर उंबऱ्यात आडवी पडले असते मी. माज्या अंगावरनं जावं लागलं असतं त्याला."

मौलानांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "आपा, पैगंबरांकडं एक मानूस आला व्हता. मला लढाईला जायचंय म्हनाला. त्यांनी इचारलं, आईबाप जिते हायत का? हाय म्हनाला, तर म्हनले, जा, त्यांची खिदमत कर. ही गोस्ट मला तवाबी पाठ व्हती. मुलांना शिकवायचो मी. पन त्या बयानात ती मी सांगितलीच नाय. सांगितली असती तर जोश उतरला असता. चूक म्हंजे नुसती समजायची चूक नव्हती, आपा. हितं मी बेइमानी केली."

हाजरा दाराला टेकून उभी होती. इतकी वर्षं तिनं मनातल्या मनात या माणसाला शंभर वेळा उभं करून जाब विचारला होता. पण त्या शंभर वेळांत एकदाही तिनं त्याला इतका कठोर शब्द लावला नव्हता. आज तो त्यानं स्वतःच स्वतःला लावला.

अम्मानं सूप बाजूला सारलं. भागूबाईनं तिचा हात धरला.

"मग त्याची नमाज रं?" अम्मा म्हणाली.

हाजराला आधी अर्थ कळला नाही, मग कळला. कोकणातले मुसलमान शाफई परंपरेचे. मयत समोर नसली तरी त्यांच्यात जनाज्याची नमाज पढता येते. पण रणात शहीद झालेल्याची ती पढत नाहीत, त्याला तिची गरज नसते असं मानतात. म्हणून यूनुसची नमाज कधी झालीच नव्हती.

"चोवीस वर्सं झाली, मी त्याच्यासाठी माफी मागितली नाय," अम्मा म्हणाली. "शहीदाला कशाला लागती, म्हनून. आनि तो तिकडं माज्या दुवेची वाट बघत असंल तर?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "तू बोल जुम्माला. पन त्याच दिवशी माज्या पोराची नमाज पढव. साध्या मानसाची पढवतात तशी."

बातमी संध्याकाळपर्यंत मशिदीच्या मुतवल्लींच्या, म्हणजे मुख्य विश्वस्तांच्या, कानावर गेली. इब्राहिम खोत घाबरट नव्हते, पण कारभारी माणूस. ते मौलानांकडं धावत आले. "हजरत, गाव सुखात हाय. कशाला जुनं उकरता? उद्या कुनी बाहेर भलतंच सांगितलं, पोलीस आले, तर आमी काय बोलायचं? नदीमला घरी बोलवा, चार गोष्टी सांगा, मिटवून टाका."

"ते मी भरल्या मशिदीत मिंबरवर उभं राहून बोललो व्हतो, इब्राहिम," मौलाना म्हणाले. "घरात बसून मागं कसं घेऊ?"

शुक्रवारी हाजरानं रजा टाकली आणि रुमानाला घेऊन कळंब गाठलं. रुमाना वाटभर फुगून होती. मामूंची बदनामी ऐकायला आपल्याला नेतायत, असं तिचं म्हणणं. मशिदीला लागून मदरशाची खोली होती, तिथं बायका बसल्या. भागूबाईसुद्धा अम्माला आधार देत आली आणि डोक्यावर पदर घेऊन भिंतीशी बसली. मधली जाळीची खिडकी उघडी होती.

मौलानांनी आवाज चढवला नाही. कुठल्या साली, कुठल्या महिन्यात आपण काय बोललो ते त्यांनी वाक्यन्वाक्य सांगितलं, आणि प्रत्येक वाक्याला ते का चूक होतं ते सांगितलं. शेवटी म्हणाले, "त्या बयानानं या गावातला एक पोरगा गेला. त्याच्या आईची मी माफी मागितली. आज तुमची मागतो. ज्यांच्यावर त्यानं हत्यार चालवलं असंल, त्यांची माफी मागायला मला जागाच नाय."  जुम्माची नमाज झाल्यावर सफा, म्हणजे नमाजींच्या रांगा, पुन्हा सरळ झाल्या आणि यूनुसची नमाज झाली. चार तकबिरी, म्हणजे चार वेळा 'अल्लाहु अकबर', दोन-तीन मिनिटांची गोष्ट. अम्मा खुर्चीत बसून पढली. सलाम फेरून नमाज संपल्यावर तिनं दुवेसाठी हात उचलले ते कितीतरी वेळ खाली घेतले नाहीत.

लोक अंगणात उतरले तेव्हा नदीम पुढं झाला. आता हा भांडणार, असं हाजराला वाटलं. पण त्यानं आधी वाकून उस्तादांचे जोडे सरळ केले, मग बोलला.

"हजरत, तुमची इज्जत करतो म्हणून तोंडावर विचारतो. तुम्ही म्हणता, हुकूम देणारा हक्काचा राज्यकर्ता हवा. आज असा कोण आहे? सगळे विकले गेलेत. तिकडं घरांवर बाँब पडतायत, ढिगाऱ्याखालून लेकरं काढतायत. त्यांनी काय आधी परवानगीचा कागद आणायचा?"

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. खिडकीशी रुमानाही पुढं सरकली.

"नाय आनायचा," मौलाना म्हणाले. "कुनाच्या घरात घुसून कुनी मारायला लागला तर त्यानं हात उचलायचा. यात मी तुज्याबरोबर हाय. आपल्या किताबं जाननाऱ्या आलिमांमधी यावर भांडन नाय."

नदीम क्षणभर गोंधळला. विरोधच होणार म्हणून तो तयार होऊन आला होता.

"पन तो त्या घरच्यांचा हक झाला," मौलाना पुढं म्हणाले. "त्यांनाबी मर्यादा हाय. बाया, लेकरं, म्हातारी, शेतात राबनारा, इबादतखान्यात प्रार्थनेला बसलेला, यांना हात लावायचा नाय, मग समोरच्यानं लावला तरी. तू ज्या जमातीचं नाव घेतलंस, तिनं बाजारात बाँब लावले का नाय?"

"ती बातमी खोटी असू शकते."

"असू शकते. तू तपासलीस?"

नदीमनं नकारार्थी मान हलवली.

"आनि तुजा अमीर. त्याला तू पाह्यलंस? तो कुनाला जबाबदार हाय? फोनवरच्या आवाजाच्या हातात तू आपली मान देनार, आनि दुसऱ्यांच्या पोरांच्याबी देनार? तू या मुलकात राहतोस. हितल्या लोकांनी तुज्यावर भरवसा ठेवलाय, तू त्यांच्यावर. आमच्या किताबांत त्याला अमान म्हनतात. ती मोडनं गद्दारी हाय, अशी आलिमांची मोठी जमात मानते."

"सगळे नाही मानत," नदीम म्हणाला. "गोऱ्यांच्या परक्या राजवटीविरुद्ध उठलेल्या आलिमांनाही त्या काळी गद्दारच म्हटलं होतं. ते सुद्धा चूक होते?"

मौलाना थांबले. अंगणात सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. हाजराला आठवलं, त्या कॅसेटमध्ये त्यांचा आवाज कुठंही असा थांबला नव्हता.

"तुजा सवाल खरा हाय," ते म्हणाले. "तवाबी आलिमांमधी दोन मतं व्हती, आनि दोन्हीकडं मोठी मानसं व्हती. जुलमी राजवटीविरुद्ध कधी उठावं, यावर इमामांमधी आजबी मतभेद हाय. मला तिथं ठाम सांगता येत नाय. जे मला ठाम म्हाईत नाय, त्यापायी मी दुसऱ्याचं पोर मरायला धाडनार नाय. एकदा धाडलंय."

"म्हणजे यूनुसभाई फुकट मेले?" नदीमच्या आवाजाला आता धार आली होती. "त्यांच्या आईसमोर सांगा."

मौलाना काही बोलायच्या आत खिडकीतून अम्माचा आवाज आला. तिला मोठ्यानं बोलायची सवय नव्हती, म्हणून अंगण आपोआप गप्प झालं.

"नदीम, माज्या पोराला तू पाह्यलेलं नायस. तू तवा दोन-अडीच वर्सांचा व्हतास. तो पाल बघून घाबरायचा. त्याला पोहायला आवडायचं. हे तुज्या बोलन्यात कुठंच नाय. तुला तो म्हाईतच नाय, तर पुढचा यूनुस कुनाला करतोस?"

 नदीमनं मान खाली घातली. जाताना त्यानं मौलानांना सलाम केला, पण हात मिळवला नाही.

एका दिवसात सगळं सुरळीत झालं असं नाही. काही लोक म्हणाले, मौलाना म्हातारपणी सरकारला भ्याले. काहींना त्यांनी प्रतिकाराचा हक मान्य केला हेच खुपलं. दोन घरं जुम्माला दुसऱ्या गावी जायला लागली. पंधरा दिवसांनी मौलानांनी स्वतःच मिंबर, म्हणजे बयान द्यायची जागा, सोडलं. खोतांनीच त्यांना अडवलं, जे आधी गप्प राहा म्हणून आले होते त्यांनीच. पण ते म्हणाले, "या जागेवरनं एकदा भलतं बोललो. आता शिकवायचं काम करतो. तिथं पोरं उलटं विचारू शकतात."

नदीमनं पुढच्याच आठवड्यात फोनवरून एक छोटं रेकॉर्डिंग पाठवलं. यूनुसभाईंचं नाव मी असं वापरायला नको होतं. ज्याला आपण पाहिलं नाही त्याच्या हातावर बैत, म्हणजे निष्ठेची शपथ, होत नाही, हेही मला पटलं. बाकी माझं म्हणणं मी सोडलेलं नाही आणि त्यावर मी हजरतांशी बोलतो आहे. एवढंच होतं ते. रविवारची त्याची बैठक बंद पडली, कारण रविवारी तो कळंबला यायला लागला.

रुमाना बरेच दिवस आईशी जपून बोलत होती. मग एकदा भाजी चिरता चिरता तिनं विचारलं, "मामू खरंच पालीला घाबरायचे?" आणि हाजरानं तिला सांगायला सुरुवात केली. न्हाणीघरात पाल दिसली की यूनुस ओल्या अंगानं कसा बाहेर पळायचा, उल्हास नदीत कसा तास तास पडून राहायचा, बहिणीच्या निबंधाची वही चोरून मित्रांना वाचून कशी दाखवायचा. सांगता सांगता ती हसली. भावाबद्दल हसत बोलण्याची तिची ही कितीतरी वर्षांतली पहिलीच वेळ होती. रुमानानं तिचं म्हणणं सगळं मान्य केलं असंही नव्हे. "पण बाँबखालच्या लोकांसाठी आपण काहीच करायचं नाही का, हे मला अजून छळतं," ती म्हणाली. "मलाही," हाजरा म्हणाली. ते खरं होतं.

माघ महिन्यात एका रविवारी हाजरा अम्माकडं निघाली होती. मौलानांच्या घरावरून जाताना वरच्या आवाजात वाद ऐकू आला. पडवीत सतरंजीवर पाच-सहा जाडजूड ग्रंथ उघडे पडले होते. एका बाजूला नदीम, एका बाजूला मौलाना, मध्ये थंड होऊन गेलेला चहा.

"हजरत, हे वाक्य तुम्ही अर्धंच वाचता!"

"मग तू पुरं वाच. चष्मा माजा जाड झालाय, अक्कल नाय."

हाजरा फाटकाशी थांबली. या माणसाला पाहून रस्ता बदलायची तिच्या पायांना सवय होती. आज ते जागचे हलले नाहीत. यूनुस गेला तो गेलाच होता. ते दुःख तिचं तिच्यापाशी होतं आणि राहणार होतं. पण स्वतःच्या तोंडून निघालेला शब्द सत्तराव्या वर्षी, भरल्या मशिदीत, कुणी न मागता परत घेणारा दुसरा माणूस तिनं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

"अस्सलाम आलेकुम, मौलाना," ती म्हणाली.

मौलानांनी वर पाहिलं. सलामाचं उत्तर द्यायला त्यांना थोडा वेळ लागला.

"ये, बस," ते म्हणाले आणि सतरंजीवरचा एक ग्रंथ उचलून त्यांनी तिला जागा केली. "तू भाषेची मास्तरीन. हा म्हनतो मी वाक्य तोडतो. तूच सांग आता, हितं 'आनि' हाय का 'पन' हाय?"

हाजरानं चपला काढल्या आणि वाचून दाखवा म्हणाली.